पिशवीतलं पिल्लू, चिलरची पेटी आणि गवत : कॅनबेरा ते कॅमेरॉन कॉर्नर

आमचं वावर वाशिम जिल्ह्यात, कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यापासून फार लांब नाही, त्यामुळं हरणाचे कळप, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर हे मला फोटोतले प्राणी नाहीत, ते मला तुरीच्या शेंगा भरल्यावर रात्री दोन वाजता धुऱ्यावर बॅटरी मारत उभं राहायला लावणारे प्राणी आहेत. लहानपणापासून जागल केली, डबे वाजवले, आता चार वर्षांपासून कुंपणाच्या तारेला हलका करंट देणारं झटका मशीन बसवलंय. धाकटा भाऊ कॅनबेराला असतो, दर फोनवर म्हणायचा दादा एकदा ये, आपल्याकडं रोही तसं इथं कांगारू, तुला बघायला पाहिजे. शेवटी मे महिन्यात, पेरणीच्या आधीचे मोकळे दिवस धरून गेलो. त्यानं सुट्टी काढली, दोघंच भाऊ गाडी घेऊन आत वाळवंटापर्यंत जाऊन आलो. जे बघितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

दिवस पहिला, कॅनबेरा

झोप पुरी झाली नव्हती तरी पुतणी चार वाजता ओढत घेऊन गेली, मोठेबाबा चला कांगारू दाखवते म्हणे. मला वाटलं कुठंतरी लांब जायचंय, तर घराच्या मागची गल्ली संपली, एक तारेचं फाटक ओलांडलं आणि समोर टेकडीच्या उतारावर साठ-सत्तर कांगारू बसलेले. देशाच्या राजधानीत, बसस्टॉपपासून पाच मिनिटांवर! हे ईस्टर्न ग्रे जातीचे, राखाडी रंगाचे, नर उभा राहिला की माणसाएवढा होतो. आम्ही जवळ गेलो तसे सगळ्यांचे कान आमच्याकडं वळले, पण पळालं कोणी नाही. एका मादीच्या पिशवीतून दोन पाय आणि शेपटी बाहेर लोंबत होती, डोकं आत. पुतणी म्हणाली ते उलटं शिरलंय, आता आत वळेल, आणि खरंच वळलं, मग तोंड बाहेर काढून आई जे गवत खाते तेच गवत ते पण खायला लागलं.

कॅनबेरा शहर असं वसवलंय की मधल्या टेकड्या आणि माळ मोकळे ठेवलेत, त्या सगळ्याला मिळून कॅनबेरा नेचर पार्क म्हणतात. म्हणजे कांगारूंना चारी बाजूंनी घरं आणि रस्ते, मधे गवताचे तुकडे. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, शहराच्या आसपास राहिला नाही. शिकार करणारे मूळ लोक, न्गुनवाल, त्यांची जमीन गेली. मग कांगारूला थांबवणारं उरतं काय, दुष्काळ आणि गाडी.

संध्याकाळी परत येताना वाटेवरच्या फाटकाला बोर्ड दिसला, अमुक तारखांना संध्याकाळनंतर प्रवेश बंद, कांगारू व्यवस्थापनाचं काम चालू आहे. मी भावाला विचारलं व्यवस्थापन म्हणजे काय करतात. तो म्हणाला, मारतात दादा, बंदुकीनं. पुतणी पुढं चालत होती, तिनं ऐकलं, काही बोलली नाही.

दिवस दुसरा, मलिगन्स फ्लॅट

आदल्या रात्री हे डोक्यात राहिलं होतं म्हणून भावानं सकाळीच मलिगन्स फ्लॅटला नेलं. शहराच्या उत्तर टोकाला हे अभयारण्य, भोवती अकरा किलोमीटरच्या वर जाळीचं उंच कुंपण, वरची कड बाहेर झुकलेली, म्हणजे कोल्हा आणि मांजर चढू शकत नाही. ऑस्ट्रेलियात कोल्हे आणि मांजरं बाहेरून आणलेली, त्यांनी छोटे प्राणी संपवले. इथं २०१२ ला बेटाँग नावाचा सशाएवढा प्राणी टास्मानियातून परत आणून सोडला, मुख्य भूमीवरून तो शंभर वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता.

तिथं एक रिटायर झालेल्या बाई स्वयंसेवक म्हणून फिरवतात, सत्तरीच्या असतील, कडक चालणं. त्यांना मी सरळ विचारलं, एवढं कुंपण घालून प्राणी वाचवता आणि कांगारू मारता हे कसं. त्या रागावल्या नाहीत. मला एका छोट्या चौकोनी पिंजऱ्याकडं घेऊन गेल्या, चार खांब, जाळी, आत कोणी प्राणी नाही, नुसतं गवत. म्हणाल्या खाली बसा. बसलो. जाळीच्या आत गवताचे थोंब गुडघ्याएवढे, मधे मधे जागा, त्यात वाळलेली फुलं, कोळ्याची जाळी, बुडाला ओल. जाळीच्या बाहेर, वीतभर अंतरावर, तेच गवत बोटाच्या एका पेरापेक्षा कमी, जणू कोणी वस्तऱ्यानं तासलंय, आणि मधे उघडी माती. मी आत हात घालून थोंबाच्या बुडाशी बोटं लावली, माती गार आणि मऊ. बाहेरची टणक. शेतकऱ्याला यापुढं काही सांगावं लागत नाही.

त्या थोंबांमधे काय राहतं ते बाईंनी सांगितलं. बिनपायांची पट्टेरी पाल, दिसायला सापासारखी पण साप नाही. बिनकानाचा छोटा सरडा, जो कोळ्यांच्या आणि रातकिड्यांच्या बिळात राहतो, आता जगातून जायच्या बेतात आहे. सोनेरी सूर्यपतंग, त्याचं प्रौढ झाल्यावर तोंडच चालत नाही, तीन-चार दिवस जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा. हे सगळे गवताचे रहिवासी. आणि तसलं नैसर्गिक गवताळ माळ गोरे लोक आल्यापासून शेकड्याला पाच सुद्धा उरलेलं नाही, उरलंय ते असंच शहराच्या कडेला तुकड्यातुकड्यात. बाई म्हणाल्या, कांगारू संपायचा नाही, पण हा सरडा गेला तर गेला.

२००९ पासून कॅनबेराच्या सरकारनं दरवर्षी हे काम चालवलंय. आधी प्रत्येक माळावर कांगारू मोजतात, गवत मोजतात, तिथं हेक्टरी साधारण एक कांगारू राहावा असा हिशोब धरतात, त्यावर किती कमी करायचे ते ठरतं. काही माळांवर त्याच्या तिपटी-चौपटीनं असतात. मार्च ते जुलै हाच काळ ठेवलाय, कारण तेव्हा बहुतेक पिल्लं लहान आणि पिशवीतच असतात, आईमागं उड्या मारत फिरणारं, दूध पिणारं पिल्लू एकटं मागं राहू नये म्हणून. मग पिशवीतल्या पिल्लाचं काय, हे मी विचारलं. बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, आईबरोबर त्यालाही लगेच मारायचं असा नियम आहे, कसं मारायचं ते पण लिहिलेलं आहे, आणि त्या लोकांना ते करणं सोपं जात नाही. दरवर्षी याच्या विरोधात लोक उभे राहतात, कोर्टकचेऱ्या झाल्या, रात्री माळावर जाऊन आडवे येणारे पण आहेत. मला ते लोक चुकीचे वाटत नाहीत. त्यांना पिशवीतलं पिल्लू दिसतं. बाईंना गवताच्या बुडाशी बसलेला सरडा दिसतो. दोघांनाही खरंच दिसतं.

इंजेक्शनचा उपाय पण चालू आहे, गोनाकॉन म्हणून लस आहे, बंदुकीनं बाण मारून मादीला दिली की काही वर्षं तिला पिल्लू होत नाही. पण एकेक मादी शोधून मारायची, खर्च आणि वेळ, आणि आज जे कांगारू उभे आहेत ते त्यानं कमी होत नाहीत, पुढं वाढायचे थांबतात. लहान बंदिस्त जागेला ठीक.

निघताना बाईंनी एक लालसर वाळलेली काडी दाखवली, म्हणाल्या हे कांगारू ग्रास. शास्त्रीय नाव थेमेडा, भारतात पण होतं हे गवत. मी ती काडी डायरीत ठेवलीय.

दिवस तिसरा, निंगनपर्यंत

पहाटे निघालो. काउरा, पार्क्स, नारोमाइन करत निंगन, पाचशे किलोमीटरच्या आसपास. भावाचा एक नियम, अंधार पडायच्या आत मुक्काम. आधी मला ते भित्रेपणाचं वाटलं पण पार्क्स सोडल्यावर कळलं. रस्त्याच्या कडेला मेलेले कांगारू, आधी मोजत होतो, चाळीसनंतर मोजणं सोडलं. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते चरायला निघतात, रस्त्याकडंला डांबरावरून वाहून आलेल्या पाण्यानं गवत हिरवं राहतं म्हणून नेमके तिथंच, आणि गाडीचा उजेड पडला की बाजूला जायच्या ऐवजी आडवी उडी मारतात. इकडच्या ट्रकांना आणि जीपांना पुढं जे लोखंडी कठडं असतं त्याला लोक रू-बारच म्हणतात. जनावराला धडकल्याचे जेवढे इन्शुरन्स क्लेम होतात त्यात दहातले आठ तरी कांगारूचे. मग त्या मढ्यावर गरुड येऊन बसतो, पोट जड झालं की त्याला पटकन उडता येत नाही, तो पण मरतो.

काही मढ्यांवर गुलाबी रंगाचा फवारा मारलेला क्रॉस होता. भावाला विचारलं तर म्हणाला पिशवी तपासली आहे अशी खूण, म्हणजे मागून येणारानं परत थांबायला नको.

नारोमाइन सोडून बरंच पुढं आलो, दुपारचे तीन वाजले असतील, एक मोठी मादी पडलेली, तिच्यावर क्रॉस नव्हता. भावानं गाडी लांब बाजूला घेतली. त्याच्या डिकीत एक पिशवीच असते, हातमोजे, कात्री, उशीची खोळ, रंगाचा डबा. मी म्हणलं तू हे नेहमी करतोस? तो म्हणाला इथं बरेच लोक करतात. मादी सकाळी कधीतरी मेली असावी, पाय ताठ झालेले. पण भावानं पिशवीत हात घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, दादा, गरम आहे.

आत पिल्लू होतं. तळहाताएवढं धड, अंगावर केस नाहीत, राखाडी-गुलाबी कातडं, त्याखाली शिरा दिसतात, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. तोंडात आचळ, आणि ते सुटत नाही. भावानं निंगनला अशी पिल्लं सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन लावला, त्या शांतपणे सांगत होत्या, ओढू नका, ओढलं तर त्याचं तोंड फाटतं, आचळ आईच्या बाजूनं कापा आणि तसंच त्याच्या तोंडात राहू द्या. भावाचा हात थरथरत होता, त्यानं कापलं. मी माझा मफलर काढला, त्यात गुंडाळून खोळीत घातलं आणि जॅकेटची चेन उघडून पोटाशी धरलं. पाणी नको, दूध तर नकोच, गाईच्या दुधातली साखर त्याला पचत नाही, डोळ्यात मोतीबिंदू होतो म्हणे. फक्त ऊब आणि अंधार. भावानं मादीला पाय धरून रस्त्यापासून लांब ओढलं, गरुडासाठी, आणि तिच्यावर क्रॉस मारला.

निंगनपर्यंत ते पोटाशी होतं. मधेच एखादा झटका द्यायचं, मग निपचित. मी गाईचं अडलेलं वासरू हातानं ओढून काढलंय, शेळीची करडं उन्हाळ्यात घरात आणून झोपवलीत, पण इतकं अपुरं जनावर कधी हातात धरलं नव्हतं.

निंगनला त्या बाईंच्या घरी गेलो. सरकारी परवाना घेऊन ही माणसं पिल्लं सांभाळतात, पगार नाही, दुधाची पावडर स्वतःच्या पैशानं. मागच्या खोलीत कपडे वाळत घालायच्या स्टँडला कापडी पिशव्या लटकावलेल्या, प्रत्येकीत एक पिल्लू. त्यांनी आमचं काढून तराजूवर ठेवलं, पावणेपाचशे ग्रॅम, पायाची लांबी मोजली, म्हणाल्या पाच महिन्यांचं आहे, मुलगी आहे. ईस्टर्न ग्रेचं पिल्लू अकरा महिने पिशवीत असतं, म्हणजे अजून सहा महिने हिला पिशवीच पाहिजे. जन्मतं तेव्हा एक ग्रॅमपेक्षा कमी असतं, शेंगदाण्याएवढं, आणि आपलं आपण चढत पिशवीत जातं. जगेल का विचारलं तर म्हणाल्या दोन रात्री जाऊ देत.

दिवस चौथा, कोबारच्या पुढं

निंगन ते कोबार १३० किलोमीटर सरळसोट रस्ता, माती लाल होत जाते, झाडं ठेंगणी होत जातात. कोबारच्या पुढं एका मेंढीवाल्याच्या घरी मुक्काम ठरवला होता, त्यांच्याकडं शहरातले लोक येऊन राहतात. घर दिसायच्या आधी फाटकापासून वीस मिनिटं गाडी चालवली. मालक पंच्याहत्तरीचे, मालकीणबाई त्याच वयाच्या, मुलगा कोबारच्या खाणीत कामाला. आमची जमीन नऊ एकर. त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, तर ते हसले नाहीत, म्हणाले नऊ एकरात घर चालवता म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं.

दुपारभर त्यांच्या जीपमधून फिरलो. आधी एक तळं दाखवलं, मातीत खणलेलं, चारी बाजूला मातीचा बांध, त्याला ते टँक म्हणतात. म्हणाले, हे आजोबांनी बैलांनी खणलं. याच्या आधी इथं उन्हाळ्यात पाणी नव्हतं, म्हणून कांगारू पण एवढे नव्हते. आम्ही मेंढीसाठी पाणी केलं, डिंगोला विष घातलं, गोळी घातली, कुंपण घातलं, झाडं तोडून गवताला जागा केली. हे सगळं मेंढीसाठी, पण कांगारूनं ते सगळं घेतलं. मग ते जे म्हणाले ते मी तसंच लिहून ठेवलंय : कांगारूचा दोष नाही, आम्ही त्याला घर बांधून दिलं आणि आता तो घरात राहतो म्हणून ओरडतो.

त्यांचं मुख्य दुखणं वेगळंच निघालं. दुष्काळ येतो, ते मेंढ्या विकतात, एक पॅडॉक, म्हणजे कुंपणातलं रान, मोकळं ठेवतात म्हणजे गवताला विसावा मिळेल. पाऊस पडतो, कोंब फुटतात, आणि चार दिवसांत आजूबाजूचे सगळे कांगारू त्या कोवळ्या गवतावर. वरून रानात पळून गेलेल्या बकऱ्यांचे कळप, त्या पण इथं हजारोंनी. मेंढी काढून जमिनीला विसावा मिळतच नाही. आमच्याकडं हरभऱ्याचं तेच, बाजूचं सगळं पडीक असलं की सगळे रोही माझ्याच हिरव्या तुकड्यात.

एक कांगारू मेंढीच्या तुलनेत किती खातो यावर तिथं फार वाद आहे. पूर्वी धरायचे एका मेंढीच्या सात दशांश, नंतरच्या अभ्यासात निम्म्याहूनही कमी आलं, आणि त्याचे पाय मऊ, मेंढीच्या खुरासारखी माती फोडत नाहीत. मालकांना हे आकडे माहीत होते. म्हणाले कमी खात असेल, पण मेंढी मी मोजतो आणि विकू शकतो, तो स्वतःच्या मर्जीनं येतो.

मग २०१७ ते २०१९ च्या दुष्काळाचं सांगितलं. ते सांगताना जीप थांबवली. टँकमधलं पाणी आटून गाळ राहिला, त्यात कांगारू पाण्यासाठी उतरायचे आणि अंगात बाहेर यायची ताकद नसायची, गाळात कमरेपर्यंत रुतून तसेच बसलेले, कावळे डोळे टोचायचे, जिवंतपणी. ते रोज सकाळी बंदूक घेऊन जायचे आणि एकेकाला सोडवायचे. किती दिवस विचारलं तर म्हणाले, शंभर दिवस धर. लोक म्हणतात मारू नका, मी पण म्हणतो मारू नका, पण चांगल्या वर्षात जे मारले नाहीत ते वाईट वर्षात माझ्या टँकमधे असे मेले. त्यांनी हे कुठल्याही आवेशात सांगितलं नाही.

रात्री जेवणाला कांगारूचं मटण होतं, जरासं लाल ठेवलेलं, चरबी जवळपास नसतेच. भावानं खाल्लं. मी मटण खाणारा माणूस आहे पण त्या रात्री हात गेला नाही, मफलरला अजून वास होता. मालकीणबाईंना भावानं कारण सांगितलं, त्यांनी काही न बोलता मला अंडी करून दिली.

दिवस पाचवा, चिलर आणि ब्रोकन हिल

रात्री लांबून गोळीचे आवाज आले, एकेक, मधे बराच वेळ. सकाळी पाचला मालकांनी उठवलं, बघायचं असेल तर चला. रस्त्याकडेला एक पांढरी पेटी, ट्रकच्या कंटेनरएवढी, इंजिन घरघरतंय, ती चिलर, म्हणजे मटणासाठी मारलेले कांगारू गार ठेवायची पेटी. एक चाळिशीतला माणूस जीप रिकामी करत होता. हे लायसनवाले शिकारी, नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते, गोळी डोक्यातच पाहिजे, दुसरीकडं लागली तर माल घेत नाहीत. प्रत्येक मढ्याला सरकारी नंबरचा प्लॅस्टिकचा टॅग. सगळे नर होते. पिल्लांचा प्रश्न येऊ नये म्हणून बरेच खरेदीदार आता नरच घेतात.

दरवर्षी विमानातून मोजणी होते, त्यावर कोटा ठरतो, न्यू साउथ वेल्समधे लाल कांगारूचा अंदाजित संख्येच्या १७ टक्के, ग्रेचा १५. आणि तो पूर्ण कधीच भरत नाही, कारण मागणी नाही. २०१९ ला जिथं असा व्यापार चालतो त्या भागात मिळून चार कोटी वीस लाखांवर कांगारू होते असा अंदाज होता, मारले जातात त्यातले पंधरा लाखांच्या आसपास. कातडं फुटबॉलच्या बुटांना जायचं, २०२३ ला नायके आणि प्युमानं बंद करतो म्हणून जाहीर केलं. त्या माणसाला किलोमागं मिळतं ते डिझेलला जातं, म्हणाला मी सोडलं तर माझ्यानंतर पोरं येणार नाहीत. मी विचारलं, शिकारी गेले की शेतकरी काय करणार. मालक म्हणाले, स्वतः मारणार, टॅग नाही, परीक्षा नाही, डोकं का पोट बघायला कोणी नाही, आणि मढं तिथंच सडणार. ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त पटली, कारण आमच्याकडं तेच होतं, कुंपणात चोरून सोडलेला करंट, डुकरासाठी ठेवलेला गोळा, त्यात गाय मरते, कधी माणूस मरतो, आणि कोणी काही मोजत नाही.

पुढं विलकॅनियाला डार्लिंग नदी ओलांडून ब्रोकन हिल. गावात शिरताना घड्याळ अर्धा तास मागं करायचं, न्यू साउथ वेल्समधे असून गाव साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतं. चांदी-शिसं-जस्ताच्या खाणीचं गाव. एकेकाळी आसपासची झाडं खाणीला आणि चुलीला गेली, उरलेलं जनावरांनी आणि सशांनी खाल्लं, वाळूची वादळं घरात शिरायची. १९३६ ला अल्बर्ट मॉरिस नावाच्या खाणीतल्या माणसानं खाण कंपनीला पटवून गावाभोवती जमिनीला नुसतं कुंपण घालून घेतलं, चरणारं जनावर आत जाऊ द्यायचं नाही. गवत आणि झुडपं आपली आपण परत आली. अजून आहे तो पट्टा, संध्याकाळी चालून आलो.

दिवस सहावा, टिबूबरा

दिवसभर गाडी, ३३० किलोमीटर, बोलण्यासारखं फारसं नाही. इथून लाल कांगारू सुरू झाले, दुपारी एकेका झुडपाखाली एकेक बसलेला, पुढचे हात चाटत. थुंकी सुकली की रक्त गार होतं.

दिवस सातवा, कॅमेरॉन कॉर्नर

तीन राज्यांच्या सीमा मिळतात ती ही जागा. टिबूबऱ्यापासून १४० किलोमीटर कच्चा रस्ता, स्टर्ट नॅशनल पार्कमधून, वाळूच्या टेकड्या एकीमागून एक. शेवटी ती डिंगोला अडवायची जाळी. ५,६१४ किलोमीटर लांब, क्वीन्सलँडमधून निघून थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत, जेमतेम माणसाच्या उंचीची. काही भाग आधी सशांसाठी बांधला, मग डिंगोसाठी वापरला. आतल्या बाजूला मेंढ्या, बाहेर डिंगो.

फाटक उघडून आम्ही पलीकडं गेलो आणि परत आलो, असं तीन-चारदा केलं, फरक डोळ्याला कळतो का बघायला. आत कांगारू दर वळणावर दिसले होते. पलीकडं तासाभरात एक दिसला. विमानातून मोजणाऱ्यांनी १९८० च्या सुमारासच लिहून ठेवलंय की लाल कांगारू डिंगो नसलेल्या बाजूला कित्येक पटींनी जास्त आहेत. अलीकडं उपग्रहाच्या चित्रांवरून पण तपासलं, पाऊस पडल्यावर डिंगोच्या बाजूला गवत जास्त उठतं. काही संशोधक म्हणतात डिंगोला परत येऊ द्या. मेंढीवाल्यासमोर हे बोलायची सोय नाही. कोबारच्या मालकांना मी फोनवर विचारलं, त्यांनी एवढंच सांगितलं की वडिलांनी एका रात्रीत डिंगोनं फाडलेल्या साठ मेंढ्या पुरल्या होत्या.

मला कोणाचं बरोबर ते सांगता येणार नाही, पण एक मात्र माझं ठाम झालंय. पाणी आपण केलं, वाघ-डिंगो आपण हटवला, मग मोजायचं आणि कमी करायचं काम पण आपल्याच अंगावर आलं, ते करायला लाज वाटते म्हणून अंधारात ढकललं तर जनावराचेच जास्त हाल होतात. मी जाळीला हात लावून उभा होतो. वाळूवर पलीकडून आलेली कुत्र्यासारखी पावलं जाळीपर्यंत येऊन, जाळीकडेनं बरीच लांब गेलेली.

आठवा आणि नववा, परत निंगन

आठवा दिवस सगळा रस्त्यात, विलकॅनियाला मुक्काम. नवव्या दिवशी दुपारी निंगन. वाटेत फोन केला नव्हता, दोघांचीही हिंमत झाली नाही.

बाईंनी दार उघडलं आणि न बोलता आत नेलं. स्टँडवरची तिसरी पिशवी. पाचशे दहा ग्रॅम. आचळाचा तुकडा दुसऱ्या रात्री गळून पडला आणि तिनं बाटलीचं निपल धरलं. रात्री दर तीन-चार तासांनी उठून पाजतात. मी विचारलं मोठी झाली की काय. म्हणाल्या दीड वर्षाची झाली की इतरांबरोबर रानात सोडायची, एका शेतकऱ्यानं त्याचं रान दिलंय, तिथं टॅग लावून मारायला परवानगी नाही. शेजारच्या रानात आहे, कुंपण तिला कळणार नाही, हे पण त्यांनीच सांगितलं.

पाजायची वेळ झाली होती. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर दिली, बाटली हातात. माझा मफलर अजून आत होता. तिनं निपल धरलं, आणि मागचा एक पाय खोळीबाहेर काढून माझ्या मनगटावर टेकवला, लांबट, मधलं नख टोकदार, तळवा मऊ आणि गरम. दूध संपेपर्यंत तिनं तो काढला नाही.

मफलर तिथंच ठेवून आलो.